चारचौघींसारखी कर

आबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शिदूदादाचं लग्न साट्यालोट्यानं ठरत आलं. त्यांची मुलगी आमच्या घरात यायची आणि आमची मुलगी त्यांच्या घरात जायची. आमची मुलगी म्हणजे मी.

पाहुणे आले तेव्हा मी लोकरीच्या खोलीत होते. आई दारात येऊन उभी राहिली.

"गजरे, तोंड पुस अन् बाहीर ये. खाली बघायचं. इचारतील तेवढंच बोलायचं. अन् हात हलवायचे न्हाईत."

"खाली तर मी रोजच बघती."

"आज ते तरी बरं झालं," आई म्हणाली आणि माझ्या केसांतली लोकर काढू लागली. मला केसांना हात लावलेला सोसत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं घाई केली.

आम्ही सनगर. धनगरांकडून लोकर घ्यायची, ती पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, चिंचोक्याची खळ लावायची आणि घोंगडी विणायची, हे आमच्या घरचं काम. आबांच्या मागं मागावर दादा बसायचा. लोकर निवडणं आणि सूत काढणं माझ्याकडं होतं. त्या दिवशीही दादा मागावरच होता. आपल्याच लग्नाच्या बोलण्यात मुलानं बसायची पद्धत नव्हती. पण माग सोप्याच्या कोपऱ्यातच पुरलेला, त्यामुळं त्याला सगळं ऐकू येत होतं.

सोप्यात चांगुणाबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी भामा. मुलीनं असं यायचं नसतं, पण चांगुणाबाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं की भामा घोंगडी बघायला आली आहे. भामा घोंगड्यांकडं एकदाही बघत नव्हती. ती मागाकडं बघत होती.

"नाव काय गं तुझं?" चांगुणाबाईंनी मला विचारलं.

"गजरा. तुमाला ठावं हाय. मघाशी तुमीच म्हणाला, गजराला बोलवा."

भामानं पदर तोंडाशी नेला.

"बरं. सैपाक येतो का?"

"भाकरी येती. कालवण आईचं चांगलं हुतं."

"आमचं खटलं मोठं हाय बग. तीन जावा, त्यांची पोरं, आलंगेलं. माणसांत राहायला आवडतं न्हवं?"

"न्हाई," मी म्हणाले.

आई मधेच म्हणाली, "लाजती जरा."

मी लाजत नव्हते. आईला तसं सांगणार होते, तेवढ्यात रस्त्यानं हलगी आली. कुणाची तरी काठी देवाला निघाली होती. हलगी आमच्या दारात येऊन थांबली आणि तिथंच वाजवत राहिली. ज्यांना हलगी नुसती ऐकू येते त्यांना हे कसं सांगावं मला कळत नाही. माझ्या डोक्यात कुणी खिळे मारल्यासारखं होतं. मी कान दाबले, उठले, आणि लोकरीच्या खोलीत जाऊन ढिगात शिरले. अंगावर आबांची जुनी, जड घोंगडी ओढून घेतली आणि तोंडानं हूं हूं करत डुलत राहिले. तसं केलं की बरं वाटतं. लहानपणापासून मी तसंच करत आले होते.

हलगी पुढं गेली तेव्हा दारात चांगुणाबाई उभ्या होत्या.

"हे काय वं?" त्या आईला विचारत होत्या. "पोरीला झालंय तरी काय?"

"आवाजाला भिती जरा."

"जरा?"

आई वाकून सांडलेली लोकर गोळा करू लागली.

"लानपणी तर मुकीच हुती म्हणं."

"आता बोलती की."

"बोलती, ते ऐकलं मघाशी."

सोप्यात परत गेल्यावर चांगुणाबाईंनी आवाज खाली आणला, पण मला लोकरीतूनही ऐकू येत होतं. वाईट बाई नव्हती ती. तिला आपल्या मुलासाठी, हणमासाठी, संसाराला लागेल अशी मुलगी हवी होती. शेवटी ती म्हणाली, "आमच्या डोंगरच्या आईला कौल लावू. पोरगीनं सवताच्या तोंडानं मागायचं, मला चारचौघींसारखी कर म्हणून. उजवी कळी पडली तर दोनी लग्नं एका मांडवात. डावी पडली तर आमचं आमाला, तुमचं तुमाला."

मागाचा आवाज बंद पडला. विणताना दादा असा मधेच कधी थांबायचा नाही.

डोंगरच्या आईचा कौल आमच्या सगळ्या भागात माहीत होता. देवीच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली कळी चिकटवतात. उजवी आधी पडली तर मागितलेलं मिळालं, डावी पडली तर नाही. मागणं ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं मागायचं, आणि जन्मात एकदाच. जे मिळालं ते कुणी मोडायचं नाही.

कौलाच्या दिवसापर्यंत आई मला ते वाक्य म्हणायला लावत होती. मी चरख्यावर बसले की ती समोर बसायची.

"म्हण."

"आई, मला चारचौघींसारखी कर."

"हां. एवढं म्हणलीस की सुटलीस."

"कशातनं?"

आईनं चरख्यापाशी पडलेली लोकर उचलली. मग ती म्हणाली, "मी गेल्यावर तुझं कोण बघंल, गजरे? दादा किती दिस बघंल? त्याचं लगीन तुझ्यापायी आडलं तर त्यो तुला बोलणार न्हाई, पण त्याच्या मनात ऱ्हाईल."

मी दादाला विचारलं. तो खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता.

"माझ्यापायी तुझं लगीन आडलं तर तुझ्या मनात ऱ्हाईल का?"

"कोण म्हणलं असं? तू तुझं बग. मी काय, घोंगडी इणतोय तशी इणीन."

पण त्याचा धोटा दोनदा चुकला. दादाला खोटं बोलता यायचं, त्याच्या हातांना यायचं नाही. त्याला भामा हवी होती. गेल्या जत्रेत त्या दोघांनी एकाच दुकानात पाळीपाळीनं एकच कंगवा बघितला होता, एवढंच त्यांचं आतापर्यंतचं बोलणं. तरी त्याला ती हवी होती.

कौलाच्या दिवशी आम्ही सकाळीच भामाच्या गावी पोचलो. गाव डोंगराच्या पायथ्याशी. त्यांच्या घरी चहा झाला आणि आम्ही वर निघालो. पुढं चांगुणाबाई आणि आई, त्यांच्या मागं खांद्यावर घोंगडी टाकून दादा. मागणं मागणाऱ्यानं आपल्या घरच्या घोंगडीवर उभं राहून मागायचं असतं, म्हणून ती आणली होती. सगळ्यांत मागं मी. मला वाटेतल्या दगडांवर पाय नीट ठेवून चालावं लागतं. भामा थोडी पुढं गेली आणि मग माझ्यासाठी थांबली.

"गजरा, एक इचारू?"

"इचार."

"तुला खरंच व्हायचंय का तसं?"

"कसं?"

"चारचौघींसारखं."

मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, दादानंही नाही. पण त्याआधी मला दुसरंच एक विचारायचं होतं. बरेच दिवस ते मला टोचत होतं.

"कुठल्या चौघी?"

"आं?"

"चारचौघींसारखी कर म्हणायचं, तर कुठल्या चौघी? मला कुणी सांगितलंच न्हाई. देवीनं इचारलं तर नावं नकोत सांगायला?"

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. चालता चालता तिनं बोटं धरली. "एक मी धर. दुसरी आमची थोरली वैनी. तिसरी तुमच्या गल्लीतली ती, लांब येणीवाली."

"कौसल्या."

"कौसल्या. अन् चवथी कुणीबी."

"कुणीबी नको. नाव सांग."

"आमची आई धर."

मी एकेकीचा विचार केला. मला वेळ लागतो. भामा थांबून राहिली.

"तुझी आई नको," मी म्हणाले.

"का गं?"

"तिला सगळ्यांच्या घरातलं सगळं ऐकाय लागतं. मी दमून जाईन."

आता मात्र भामा हसली. इतकी मोठ्यानं की पुढं चांगुणाबाईंनी वळून बघितलं.

"कौसल्या?"

"तिला लोकरीचा वास सोसत न्हाई. नाक दाबून आमच्या दारावरनं जाती."

"बरं, वैनी?"

"ती सकाळी चुलीपुढं रडत हुती. आमी आलो तशी हसाय लागली. मला ते जमायचं न्हाई."

भामानं वाटेतला एक दगड पायानं बाजूला सारला. मग म्हणाली, "अन् मी?"

"तू चालशील. पण मग तू दोनदा हुशील."

आम्ही थोडं चढलो. मग तिनं विचारलं, "लोकरीच्या खोलीत तू एवढा येळ काय करतीस गं?"

मी सांगितलं. मानेवरची लोकर कशी असते, पोटाखालची कशी, दिवाळीनंतर कातरलेली आणि पावसाच्या तोंडावर कातरलेली यांत काय फरक. आत हात घातला की आधी काटे लागतात आणि मग आत एक ऊबदार, गुळगुळीत जागा येते. चरखा फिरायला लागला की त्याच्या घुमण्यात बाकीचे सगळे आवाज आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि मला असं वाटतं की आता कुणी काही हलवू नये. माझं बोलणं फार लांबलं. अशा वेळी लोक दुसरीकडं बघायला लागतात. भामा चालत होती आणि ऐकत होती.

"म्हंजी डोळं झाकून काळी लोकर कुठली अन् करडी कुठली ते पण कळतं तुला?"

"रंग हाताला कसा कळंल?" मी म्हणाले. "खुळी हायस का?"

ती पुन्हा हसली. मग एकदम थांबून म्हणाली, "हे बग गजरा. मला तुझा दादा पायजे. तू आया म्हणत्यात तसं मागितलंस अन् उजवी पडली, तर मला तो मिळंल. म्हणून मी तुला म्हण म्हणणार न्हाई अन् नको म्हण असंबी म्हणणार न्हाई. यात माझं मन साफ न्हाई. तुझं तू बग."

आणि ती भरभर पुढं निघून गेली.

देऊळ लहान होतं, काळ्या दगडाचं. कौल लावायचं काम बनाबाई गुरवीण करायची. म्हातारी होती, पाठीत वाकलेली, आवाज मात्र गड्यासारखा. तिनं सगळ्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं.

"नीट ऐका. आई अर्धंमुर्धं काढत न्हाई. जे काढती ते मुळासकट काढती. जे देती ते कुणी मोडायचं न्हाई. मोडील त्याच्या घरात चूल पेटायची न्हाई. चांगुणे, कबूल?"

"कबूल. मीच आणलंय की समद्यांस्नी. पोरीच्या तोंडनं जे निघंल त्येच मागणं, असाच नेम हाय न्हवं?"

"असाच. पोरीच्या आई, कबूल?"

"कबूल," आई म्हणाली.

मला तिनं विचारलं नाही. माझा दंड धरून आत नेलं. मला दंड धरलेला आवडत नाही, पण तिचा हात कोरडा आणि घट्ट होता, तेवढं चाललं.

आत गार होतं. तेलाचा वास होता. दादानं उंबऱ्यातून घोंगडी आत दिली, बनाबाईनं ती घडी करून घातली आणि मला वर उभं केलं. मग ताटलीतल्या पाण्यातून तिनं दोन कळ्या काढल्या आणि देवीच्या खांद्यांवर लावल्या, आधी डावीकडं, मग उजवीकडं. मी तिच्या हातांकडं बघत होते. माणसांच्या तोंडापेक्षा हात बघणं मला सोपं जातं.

"हां, माग आता," ती म्हणाली.

"आई, मला," मी म्हणाले आणि थांबले.

पायाखालच्या घोंगडीचं सूत मी काढलं होतं. पायांना ते कळत होतं. एके ठिकाणी सूत जरा जाड आलं होतं, त्या दिवशी मला ताप होता. मी तिथं अंगठा ठेवला.

मला मागायचं नव्हतं असं नाही. बाजाराच्या दिवशी मला रडू यायचं. शाळेत घंटा झाली की मी किंचाळायचे, म्हणून मास्तरांनी दुसऱ्याच आठवड्यात मला घरी धाडलं होतं. पोरी घोळका करून बसायच्या, त्यांच्यात केव्हा बोलायचं आणि केव्हा नाही ते मला कधी कळलं नाही. मी जवळ गेले की त्या गप्प व्हायच्या. हे सगळं गेलं असतं तर मला हवंच होतं.

पण बनाबाई म्हणाली होती, मुळासकट. हलगी ज्या कानांनी आत येते त्याच कानांनी चरखाही येतो. मला दुसरे कान नाहीत. एक काढायचं तर दुसरं कशाला धरून राहील, ते मला दिसेना. आणि सगळं गेल्यावर त्या घोंगडीवर जी उभी राहील, तिला माझा अंगठा कुठं ठेवलाय ते कळलं नसतं. आई तिला गजरा म्हणाली असती. दादा तिला गजरा म्हणाला असता. मी कुठं गेले असते ते कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेरून आई म्हणाली, "म्हण की गं."

मी म्हणाले, "आई, मला हाय तशी राहू दे. दादाला भामा मिळू दे. अन् कुणी हलगी वाजवणार असंल तर मला आधी सांगावं, एवढं बग."

मी कळ्यांकडं बघत उभी राहिले. फार वेळ गेला नाही. उजवी कळी पडली. देवीच्या पायाशी ठेवलेल्या नारळावर आपटून ती माझ्या घोंगडीच्या कडेला आली.

पहिल्यांदा चांगुणाबाई बोलल्या. "असं कुठं असतंय? पोरगी भलतंच बोलली!"

"बोलली," बनाबाई म्हणाली. "उजवी हाय का डावी? ये, आत येऊन बग."

"उजवी हाय. पण मागायचं ठरलं हुतं यगळंच!"

"ठरवलं तुमी. मागायचं तिनं. पोरीच्या तोंडनं जे निघंल त्येच मागणं, हे मघाशी कोण म्हणलं? मी म्हणले?"

"पण माझ्या हणमाचं काय?"

"हणमाचं तिनं काय मागितलंच न्हाई. त्याच्यासाठी तू यगळा कौल लाव."

दादाच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. हसू होतं की काय होतं, मला कळलं नाही. तो पायरीवर बसला आणि त्यानं टॉवेलात तोंड घातलं. भामा खांबाला धरून उभी होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

चांगुणाबाई बराच वेळ देवीकडं बघत राहिल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "तुझ्यापुढं मी काय बोलू?" आणि आईकडं वळून, अजून रागातच, "मांडव आमच्या दारात हुईल, सांगून ठेवती. अन् हलगी वाजल्याबिगर आमच्यात लगीन हुत न्हाई."

"आधी सांगा म्हंजी झालं," मी म्हणाले.

"ऐकलं बाई, ऐकलं!"

सगळे पायऱ्या उतरायला लागले. मी घोंगडी उचलायला खाली वाकले, तेव्हा बनाबाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तू बघितलंस न्हवं?"

"व्हय."

"कुणाला सांगू नको."

"कुणी इचारलं तर सांगीन."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे सगळे पडलेले दात दिसले. "इचारतंय कोण!" ती म्हणाली.

उतरताना आई माझ्याबरोबर चालत होती. ती रडत नव्हती, पण तिचा पाय जड पडत होता.

"एवढं मागून ठेवलं हुतं मी तुझ्यासाठी," ती म्हणाली. "अन् तू सोडून दिलंस."

"तू माग की. तुझा एकदाचा कौल असंल अजून."

"माझा मागून झालाय."

"कवा?"

"तू चार वर्साची हुतीस. तोंडातनं एक अक्षर निघत नव्हतं. तुला काखेला मारून ह्योच डोंगर चढले. हिला बोलती कर म्हणून मागितलं."

"मग कुठली पडली?"

"उजवी."

"मग मी बोलले की."

आई चालता चालता थांबली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "व्हय बाई," ती म्हणाली. "बोललीस की आज."

आणि ती हसायला लागली. आबा गेल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. हसून झाल्यावर ती पुन्हा तेच म्हणाली, "पण तुझं कोण बघंल आता?"

मागून भामा येत होती. आपल्या आईला सोडून आमच्याबरोबर चालायचं तिला खरं तर कारण नव्हतं. "मी हाय की, आत्या," ती म्हणाली.

लग्नात हलगी वाजली. वाजायच्या आधी चांगुणाबाई स्वतः मला शोधत आल्या, परसातल्या कडब्याच्या खोलीत मला बसवलं, दाराला बाहेरून घोंगडी लावली आणि म्हणाल्या, "झालं की हाक मारते." झाल्यावर हाक मारली. हणमाला पुढच्याच वर्षी चांगली बायको मिळाली. मला कुठं द्यायचं हे बोलणं त्यानंतरही निघायचं, पण भामा ते पुढं जाऊ द्यायची नाही. ती आमच्या घरी आल्यापासून घरात ताट पडणार असेल तरी कुणीतरी आधी ओरडून सांगायचं. तिची मुलं तशीच शिकली.

भामा चौथीपर्यंत शाळेत गेलेली होती. तिची धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा तिनं मला पाटी आणून दिली. मी चाळिशी ओलांडली होती. लोकरीच्या खोलीतच शिकवलं तिनं. तिथं घंटा नव्हती. एकेक अक्षर ती माझं होईपर्यंत थांबायची, आणि माझं बोलणं लांबलं तर लांबू द्यायची.

आता आमच्या घरात भामाची पणती आहे. तीही कान दाबते, तीही डुलते, आणि तिला बाटल्यांची झाकणं एका ओळीत मांडलेली लागतात. तिच्यासाठी सांगलीच्या डॉक्टरांकडं एक शब्द होता, स्वमग्नता. तो शब्द ऐकून आल्यावर तिच्या आईला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी, खरं सांगा. औषध असतं, तर तुम्ही घेतलं असतं? इतरांसारखं व्हायला?"

"मला मिळत होतं," मी म्हणाले. "मी घेतलं नाही. पण ते माझं झालं. हिचं हिला विचार, मोठी झाली की. आणि विचारल्यावर थांब. उत्तराला वेळ लागतो."

भामा तिथंच खाटेवर पडलेली होती. तिला उठवत नव्हतं तरी ऐकायला कमी येत नव्हतं. नातसून गेल्यावर ती म्हणाली, "मिळत हुतं म्हंजी? काय मिळत हुतं?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिनं विचारलं, म्हणून मी सांगितलं. बनाबाईनं डावी कळी पाण्यातून काढली तशीच ओली लावली. उजवी लावायच्या आधी तिनं ती आपल्या पदराला पुसली, या बाजूनं आणि त्या बाजूनं, नीट. कोरडी कळी दगडाला किती वेळ धरून राहणार? मी देवीला मानत होते, अजून मानते. पण कोरडी कळी आधी पडते हेही मला ठाऊक होतं. म्हणजे मी तोंडातून जे काढेन ते मला मिळणार होतं, हे मला मागायच्या आधी कळलेलं होतं.

भामा छताकडं बघत ऐकत होती.

"म्हंजी तू चारचौघींसारखी कर म्हणाली असतीस..."

"तर देवीनं दिलं म्हणून गावात पेढे वाटले असते. आणि मी जन्मभर तसं वागून दाखवलं असतं."

"अन् ठावं असूनबी तू मला मागितलंस."

"दादासाठी."

"दादासाठी," भामा म्हणाली, आणि हसायला लागली. डोंगरावर हसली होती तशी, मोठ्यानं. हसताना खोकला आला. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "माझ्या आईला हे कळाय पायजे हुतं गं. चूल पेटायची न्हाई म्हणून किती भ्याली हुती." मग तिनं हात पुढं केला. आधी सांगितलं, "हात धरती हां," आणि मग धरला.

दादा तिच्या आधी सात-आठ वर्षं गेला. आई त्याच्याही आधी. भामा, माझी वहिनी, गेल्या पौषात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी वारली. भजनी मंडळी दारात आली तेव्हा तिचा थोरला मुलगा डोळे पुसत आधी लोकरीच्या खोलीत आला आणि म्हणाला, "आत्या, आता टाळ वाजतील."